ठसे

उद्यमनगरात एकतीस वर्षं
लोखंड ओतलं मी.
आच किती हे मीटरला कधी विचारलं नाही,
रंग बघायचा: आधी डाळिंबी, मग केशरी,
मग डोळ्यांत न मावणारं पांढरं.
आता ओट्यावर हा एवढासा ओव्हन,
लेकीनं हप्त्यावर घेतलेला,
लांबून बघितलं तर सशाचा पिंजरा.
बटण फिरवलं की आत तार लाल होते
आणि मी चष्मा पुसून पुढ्यात बसतो.

शेवंताचे दात काढले आषाढात.
वरचे सगळे, खालचे चार सोडून.
भाकरी दुधात कुस्करून खाते, तक्रार नाही.
पण एका रात्री अंधारात म्हणाली,
"लग्नाआधी मी नागाळा पार्कात बंगल्यावर कामाला जात हुतो बघा.
तिथल्या बाई एक बिस्कीट करायच्या. मऊ.
बोट ठेवलं की खळगा पडायचा.
मनुकं असायचं आत. आन् कसलं तरी पोह्यागत."

एवढाच नकाशा.
पॅटर्न नाही, माप नाही,
पन्नास वर्षांपूर्वीची एक चव,
ती पण दुसऱ्याच्या जिभेवरची.

पोह्यागत म्हणजे ओट, हे नातवानं सांगितलं.
लक्ष्मीपुरीतून पुडा आणला,
तासगावचे मनुके पावशेर.
दुकानदार म्हणाला, "काय मामा, डाएट?"
म्हटलं, होय, लोखंड पचत नाही आता.

पहिला घाणा: लोखंडच.
पाटावर टाकला तर पाट वाजला.
शेजारचा दिनकर म्हणाला, "ट्रॅक्टरला चालंल की."
दुसऱ्याला लोणी जास्त झालं,
बारा बिस्किटांचं एकच झालं,
ट्रेभर पसरलं पंचगंगेच्या पुरासारखं
आणि मनुके तेवढे वर,
बुडालेल्या झाडांचे शेंडे.

मग पहाटे कधीतरी आठवलं,
वाळू कोरडी पडली की साचा फुटतो.
मूठ मिटायची, उघडायची,
बोटांचे ठसे राहिले तर ओल बरोबर.
हे मला कुणी नव्यानं शिकवायचं होतं का?
मनुके कोमट पाण्यात घातले.
साखर काढली, गूळ घेतला, चिकीचा, हाताला सोडत नाही तो.
गंगावेशेतलं लोणी, एक अंडं,
चिमूटभर सोडा,
दालचिनी अंदाजानं, म्हणजे जरा जास्तच.
पीठ मुठीत धरलं.
ठसे राहिले.

आणि आणखी एक, जे पुड्यावर लिहिलेलं नव्हतं:
झालं असं वाटायच्या आधी काढायचं.
कडा धरलेल्या, मधोमध अजून ओलं, लाज वाटावी इतकं कच्चं,
तेव्हाच.
बाहेर काढून तसंच ठेवायचं,
पुढचं काम ट्रेमधली आच करते.
ओतलेल्या मालाला हात लावायचा नसतो,
हे शिकवताना येळावकर मिस्त्रीनं
माझ्या थोबाडीत दिली होती.

शेवंता वासानं उठून आली.
बशीत एक दिलं.
तिनं बोट ठेवलं. खळगा पडला.
ओतकामाच्या वेळी धरायचो तसा मी श्वास धरला.
हिरड्यांनी खात राहिली, हळू,
नजर भिंतीवरच्या कॅलेंडरावर,
पण तारीख बघत नव्हती.

"हे ते न्हवं," म्हणाली.

ओव्हन टिकटिकत गार होत होता.
मी ट्रेवरची पोळलेली जागा
नखानं खरवडत बसलो.

"त्याला गुळाचा वास नव्हता.
आन् बाई वरनं टाकायच्या हातावर,
बोटाला बोट लागू द्यायच्या न्हाईत.
एकच. ते मी पदरात बांधून न्यायचो,
आमी चौघं भावंडं.
माझ्या वाटणीला मनुका आला तर आला."

एवढं बोलून
ट्रेच ओढून घेतला तिनं आपल्याकडं.
मी म्हटलं, "अगं, गरम आहेत अजून."

"असूंदेत," म्हणाली,
दुसरं मोडत,
"आता मी काय कुणाला इचारून खातो व्हय?"